बोटीचं नाक

१

टेपबाई सकाळी बोटींच्या कारखान्यात पोचल्या, तेव्हा बोटीचं नाक कोणीतरी कापून नेलं होतं.

नाक म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा खांब. तो डेकच्या वर उठून जरासा पुढे झुकलेला असतो, आणि धक्क्यावरचे सगळे त्याला नाकच म्हणतात. ताडपत्री बाजूला केली तर खांब वरून वीतभर गायब होता. कारखान्याच्या कट्ट्यावर पन्नासेक माणसं आधीच जमली होती. लोकांना काम नसलं की ते बरोब्बर कुठे जमायचं ते हेरतात, आणि टेपबाईंचा पाणउतारा होण्याची शक्यता असेल तर आणखी लवकर जमतात.

टेपबाई म्हणजे सागरी नोंदणी खात्याच्या निरीक्षक. मोजमाप जुळलं नाही तर सख्ख्या भावाचीही बोट नोंदवणार नाहीत अशी त्यांची ख्याती, आणि हे नाव ठेवणाऱ्यांनी ते लाडाने ठेवलं नव्हतं. त्यांनाही लाडाची हौस नव्हती. नोंदणी अर्जावर सही करण्याचा आजचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी कार्यालय बंद झालं की हंगामाची यादी बंद, आणि यादीत नसलेली बोट अख्खा हंगाम किनाऱ्यावर.

"घ्या बाई," गर्दीतला टकल्या तांडेल म्हणाला, "आता तुमच्या टेपचं एक टोक लावा त्या खांबाला आणि दुसरं आमच्या कपाळाला."

लोक हसले. टेपबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या शिडीवरून चढल्या आणि कापावर बोट फिरवलं. काप सपाट होता. लाकडाच्या उघड्या तोंडावर कोणीतरी तेल चोळून मुरवलं होतं, वर मेणाचा हात दिला होता. त्यांनी बोट नाकाशी नेलं. वास ओळखीचा वाटला, पण बोटीच्या तेलाचा तो नव्हता, आणि कुठे आला होता ते काही केल्या आठवेना.

खाली थोरली उभी होती. बोट तिची. गेल्या वर्षी तिचा नवरा समुद्रात गेला. त्याने मरणाआधी बांधायला टाकलेली ही बोट तिने दागिने मोडून पुरी करून घेतली होती. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, राग होता.

"कोणाचं काम ते सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "भावोजींना बोलवा."

"सगळ्यांना माहीत असेल तर मला माहीत नसलेलं बरं," टेपबाई म्हणाल्या. "नियम ऐका. मोजणी झाल्यावर मालकाने बोटीत फेरफार केला असेल, तर अर्ज रद्द. दुसऱ्याने केला असेल, तर अर्ज चालू. मला संध्याकाळपर्यंत नाव हवंय."

२

थोरलीचा दीर, ज्याला सगळे धाकटा म्हणत, कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला स्वतःची बोट दुरुस्त करून घेत होता. तांडेल संघाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्यांच्या संघाचा, तो अध्यक्ष. पक्का परवाना असलेले धक्क्यावरचे सगळे तांडेल त्याच्या एका शब्दावर बोटीवर चढत आणि उतरत.

आठ दिवसांपूर्वी याच कट्ट्यावर त्याने थोरलीला सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तिच्या बोटीचं नाक कापून तिच्या हातात देईन. टेपबाईंनी स्वतः ऐकलं होतं. मोजणी नुकतीच संपली होती. बोट बारा मीटरच्या मर्यादेपेक्षा वीतभर जास्त भरली होती, आणि त्या वीतभराने थोरलीचं सगळं बिघडवलं होतं. बारा मीटरच्या आतल्या बोटीला साधा परवाना चालतो, आणि तो थोरलीने परीक्षा देऊन मिळवला होता. वरच्या बोटीला पक्क्या परवान्याचा तांडेल लागतो. म्हणजे तिच्या बोटीवर हुकूम धाकट्याचा, नाहीतर त्याच्या माणसाचा.

"बोललो होतो," धाकटा म्हणाला. तो हात पुसत उभा राहिला, बसायला मात्र सांगितलं नाही. "बोललो म्हणून केलं असं असतं तर हा धक्का कधीच ओस पडला असता. बाई, तुम्ही शिकलेल्या. जरा डोकं चालवा. लांबी कमी कोणाला हवी होती? मला? माझं तर लांबीवरच भागत होतं."

बोलणं खरं होतं आणि ते टेपबाईंना आवडलं नाही.

"वहिनीला वाटलं, नाक कापलं की बोट आखूड. बायकांना मोजणीतलं काय कळतं. आता तुमच्याच नियमाने अर्ज रद्द करा. पुढच्या हंगामाला बोट माझ्याकडे भाड्याने लावेल, दोन घास खाईल. मी काही परका नाही."

"अर्ज रद्द व्हावा अशी घाई दिसते तुम्हाला."

"मला घाई नाही. घाई तुमच्या घड्याळाला आहे," तो म्हणाला. मग मान न वळवता हाक मारून त्याने संघातल्या माणसांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आपल्यातला एकजण जरी त्या बोटीवर चढला तर माझ्याशी गाठ आहे."

३

थोरली बोटीखालच्या सावलीत बसली होती. टेपबाई शेजारी उकिडव्या बसल्या.

"तुझ्या दिराचं म्हणणं आहे, हे तू केलंस."

"मग त्याचंच ऐका. तुम्ही आणि तो एकाच माळेचे मणी. वीतभर जास्त काढून तुम्हीच मला त्याच्या पायाशी नेऊन बसवलंत."

"टेप माझी होती. लांबी तुझ्या बोटीची होती."

थोरलीने मान फिरवली. टेपबाईंना तिचा राग समजत होता, पण समजूत काढणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, "मोजणीच्या दिवशी टेपचं पुढचं टोक कोणी धरलं होतं?"

"मी. तुम्हीच म्हणालात, धर म्हणून."

"कुठे धरलं होतंस?"

"कुठे म्हणजे? खांबाला, डेकच्या पातळीला. मी वर धरत होते तर तुम्ही ओरडलात. वरचं नाक मोजत नाहीत, सोडून दे म्हणालात." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे नाक कापून काही फरकच पडत नाही."

"तसूभर नाही. आजही लांबी तीच आहे."

थोरलीने डोळे मिटले. क्षणभर टेपबाईंना वाटलं की आता ही रडेल, पण ती बोलली ते दातओठ खात.

"माझा नवरा भावोजींच्या बोटीवर गेला होता त्या दिवशी. वादळ दिसत होतं तरी नवऱ्यानेच बोट पुढे घातली, सुकाणू त्याच्याच हातात होतं, असं चौकशीत ठरलं. आत्याबाईंनी, माझ्या सासूने, तिथे शपथेवर सांगितलं, घरातून निघताना तो म्हणाला होता आज सुकाणू मी धरणार. स्वतःच्या आईने सांगितल्यावर माझं कोण ऐकणार? माझा नवरा आभाळात काळं दिसलं की माघारी फिरणारा माणूस होता. त्या माणसाच्या बोटीवर भावोजी हुकूम करणार, आणि मी खाली मासळी निवडत बसणार. त्यापेक्षा बोट इथेच कुजू दे."

टेपबाईंनी मनात एक गोष्ट पक्की केली. ज्या हाताने टेप धरली होती त्या हाताने नाक कापलं नव्हतं.

४

कारखान्याचा सुतार टेपबाईंशी बोलायलाच तयार नव्हता. लांबी वीतभर जास्त निघाली तेव्हा गावभर त्याचीच छी थू झाली होती.

"मी बाराच्या आत बांधून देतो म्हणालो होतो. लाकूड बाहेरून फुगलं, फळी जाड आली. झालं तुमचं समाधान? आता हेही माझ्याच गळ्यात मारा."

"मारायला आले नाही. तो काप कोणाचा?"

सुतार नाइलाजाने शिडी चढला, एकदाच बघितलं आणि थुंकला. "माझ्या पोरांपैकी कोणी असा काप दिला तर हाकलून देईन. वरचं तोंड उघडं ठेवायचं तर उताराने कापतात, पाणी घसरून जावं म्हणून. हा पोळपाटासारखा सपाट आहे. करवत मात्र सुताराची आहे. बारीक दातांची, जुनी. आणि धरणाऱ्याला धरता येते."

"म्हणजे शिकलेला नाही, पण पाहिलेला."

"असेल."

"कापून वर तेल कोण लावतो?"

"ज्याला बोट सडू नये असं वाटतं तो," सुतार म्हणाला आणि आपणच थबकला. "वैरी कशाला लावेल तेल?"

"तेच मी सकाळपासून विचारतेय. आता सांगा, कधी कापलं असेल?"

"रात्री नाही. फाटकाला कुलूप, आत कुत्री, आणि ती माझ्याशिवाय कोणालाही फाडून खातात. काल सकाळी ताडपत्री टाकली तेव्हा नाक शाबूत होतं. म्हणजे दिवसाच. पण दिवसा इथे एवढी माणसं, कोणी ऐकलं कसं नाही?"

टेपबाईंनी सभोवार पाहिलं. तीन ठिकाणी करवती चालू होत्या. एक रंधा, एक हातोडा, आणि कुठेतरी कोणीतरी कोणालातरी शिव्या देत होता. इथे करवतीचा आवाज थांबला असता तरच एखाद्याने मान वर केली असती.

"काल दुपारी कोण कोण आलं होतं?"

"कोण येणार? खिळेवाला आला. रंगारी येतो म्हणाला, आला नाही. दलाल एक चक्कर मारून गेला, आणि धाकट्याचा डबा घेऊन त्याची आई आली, ती रोजच येते. तो जेवून हात धुवेपर्यंत इथे कट्ट्यावर ताडपत्रीच्या सावलीत पाय सोडून बसते. गुडघे धरलेत तिचे."

टेपबाईंनी पटकन स्वतःचं बोट नाकाशी नेलं. तेलाचा वास अजून होता, आणि आता तो कुठला ते त्यांना कळलं.

५

म्हातारी धाकट्याच्या घराच्या मागच्या खोलीत राहत होती. खोलीला एकच खिडकी, आणि आत कापराच्या तेलाचा वास इतका की डोळे चुरचुरावेत. टेपबाईंच्या आईच्याही गुडघ्यांना हेच तेल लागायचं.

"आलीस?" म्हातारी म्हणाली. "ये. तूच ना ती, माझ्या मुलाच्या बोटीला वीतभर लांब म्हणणारी?"

"थोरल्याच्या बोटीला."

"थोरला माझाच होता." तिने पाय ओढून घेतले. "ती सून काय म्हणते? धाकट्याने कापलं म्हणत असेल. तिची जीभ आधीपासून लांब. तिच्या बोटीला नाक काय, शेपूटही राहू नये."

"तुमचे यजमान काय करायचे?"

"बोटी बांधायचे. कशाला?"

"त्यांची करवत अजून आहे?"

म्हातारीची नजर पलंगाखाली गेली. टेपबाईंनी खिशातून टेप काढली, पण उलगडली नाही. "आत्याबाई, मी काही अंदाज बांधून आलेली नाही. ज्याने नाक कापलं त्याला बोट वीतभर आखूड हवी होती. म्हणून बरोब्बर वीतभरच कापलं. मोजणीच्या दिवशी मी 'सतरा सेंटिमीटर' म्हणाले. वीतभर हे धक्क्यावरच्या लोकांचं. म्हणजे मोजणी बघितलेली नाही, नुसती ऐकलेली. तुमच्या सुनेने टेप धरली होती, तिला ठाऊक आहे नाक मोजत नाहीत. तुमच्या धाकट्याच्या दोन बोटी मोजून झाल्यात, त्यालाही ठाऊक. सुताराला तर ठाऊकच. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"घरी. गुडघे बरे नव्हते." तिचा आवाज बारीक झाला होता. "नाक मोजत नाहीत?"

"नाही."

म्हातारीने वाकून पलंगाखालून डब्याची पिशवी ओढली. त्यात जुनी बारीक करवत होती आणि फडक्यात गुंडाळलेला लाकडाचा तुकडा. "लाकूड उघडं राहिलं की दोन पावसांत कुजतं. बोटीचं तेल माझ्याकडे नव्हतं, म्हणून हेच लावलं. रांगत शिडी चढले, ताडपत्रीखाली कोणी बघितलं नाही."

"तुम्ही तर तिला चारचौघांत शिव्या घालता."

"घालते. ज्याच्या घरात भाकरी खाते त्याच्या बाजूने बोलावं लागतं." म्हातारीने तुकडा मांडीवर घेतला. "पण त्याच्या हुकमाखाली तिने समुद्रात जाऊ नये. एकदा पाहिलंय मी."

"काय पाहिलंय?"

"त्याला," ती म्हणाली. "रात्री ओल्या कपड्यांनी आला आणि माझ्या पायांवर पडला. आई, मीच पुढे घातली, दादा नको नको म्हणत होता. मग सकाळी म्हणाला, परवाना गेला तर आपण सगळे रस्त्यावर. मी चौकशीत जाऊन खोटं सांगितलं. मेलेल्याच्या तोंडी घातलं."

टेपबाईंना उठावंसं वाटत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. "नोंदणीत बोट अजून बाराच्या वर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमच्या सुनेला तांडेल लागेलच, आणि इथला एकही तांडेल तुमच्या मुलाची परवानगी नसेल तर येणार नाही. तुम्ही नाक कापलंत ते फुकट गेलं."

६

कार्यालयात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटा पुढच्या खुर्चीवर बसला होता, थोरली भिंतीला टेकून उभी होती, आणि दारात तांडेल संघ तमाशा बघायला जमला होता.

"नाक मालकाने कापलेलं नाही," टेपबाई म्हणाल्या. "अर्ज चालू. लांबी बदललेली नाही. बोट थोरलीच्या नावावर नोंदवतेय. तांडेलाच्या नावाची जागा मोकळी आहे, ती आज भरायची आहे."

"मग कोणी कापलं?" धाकट्याने विचारलं.

"मी," म्हातारी दारातून म्हणाली. गर्दी आपोआप बाजूला झाली. ती भिंत धरत धरत टेबलापर्यंत आली. धाकटा उभा राहिला.

"आई, घरी चल. तुला बरं नाही."

"माझे गुडघे बरे नाहीत. डोकं बरं आहे." तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. "बाई, शपथेवर सांगते, लिहा. चौकशीत मी सांगितलं ते खोटं होतं. सुकाणू धाकट्याच्या हातात होतं. थोरला माघारी फिर म्हणत होता."

धाकट्याने टेबलावर मूठ आपटली. "म्हातारीला भ्रम झालाय. हिला कोणी शिकवून आणलंय? हिने?" तो थोरलीवर धावला, पण टकल्या तांडेलाने त्याचा दंड पकडला. पकडला तो सोडला नाही.

"ही शपथेवर बोलतेय," टेपबाई म्हणाल्या. "चौकशी पुन्हा उघडेपर्यंत तुमचा परवाना इथे जमा करा. आत्ता. नाहीतर पोलीस घेऊन येते."

धाकट्याने खिशातून परवाना काढला आणि टेबलावर फेकला. त्याचा चेहरा विझला होता, पण जीभ विझली नव्हती. "माझ्या घरात परत पाऊल टाकायचं नाही," तो आईला म्हणाला. "तुझं सामान रस्त्यावर टाकतो."

"टाक," म्हातारी म्हणाली.

तो गेला. त्याच्यामागे अर्धी गर्दी गेली, पण अर्धी गेली नाही. टकल्या तांडेल टेबलाशी आला आणि न विचारता तांडेलाच्या जागेत स्वतःचं नाव लिहून सही केली. "थोरला चांगला होता," तो टेपबाईंना म्हणाला, जणू यातही त्यांचीच चूक होती. "आणि तुमचं अक्षर फार घाण आहे, बाई."

टेपबाईंनी शिक्का मारला. थोरलीने प्रमाणपत्र दोन्ही हातांनी घेतलं. ती दाराकडे निघाली, म्हातारीच्या शेजारून गेली आणि थांबली.

"वर्षभर," ती म्हणाली. "वर्षभर मी लोकांकडून ऐकत होते की माझ्या नवऱ्याने स्वतःच्या मूर्खपणाने जीव घालवला. माझ्या मुलीने शाळेत ऐकलं. तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तुम्ही डबा पोचवत होतात."

"होय," म्हातारी म्हणाली.

"नाक कापलंत ते माझ्यासाठी. खरं बोललात तेही, पण दुसरं काही चालेना तेव्हा."

"होय."

थोरलीने प्रमाणपत्राची घडी घातली आणि पदराआड ठेवली. टेपबाईंनी मान खाली घालून टेप गुंडाळायला घेतली, कारण हे त्यांच्या मोजण्यातलं नव्हतं.

"सामान उद्या आणू," थोरली म्हणाली. "मागच्या खोलीत राहा. दोन वेळचं जेवण मिळेल. माझ्याशी बोलायचं नाही. मी म्हणेन तेव्हाच."

म्हातारीने मान हलवली. थोरली पुढे चालायला लागली. जिन्यापाशी ती थांबली, मागे वळून न बघता तिने कोपर बाहेर काढलं, आणि म्हातारी ते धरून एक पायरी उतरली.